नावाची मालकी कोणाची?

डोके दुखू लागताच दुकानदाराकडे 'ॲसेटिल सॅलिसिलिक ॲसिड' मागणारा ग्राहक विरळाच. तो ॲस्पिरिन मागतो. परंतु हा शब्द भाषेत आपोआप रुजलेला नाही. जर्मनीतील बायर कंपनीने तो घडविला आणि १८९९ साली आपल्या नावे नोंदवून घेतला. आरंभीचा 'ॲ' ॲसेटिल या रासायनिक गटाचा. 'स्पिर' आले स्पायरिया या वनस्पतीच्या नावावरून. तीपासून मिळणाऱ्या आम्लाला जर्मन रसायनज्ञ 'श्पीरझॉयर' म्हणत. अखेरचे 'इन' औषधांच्या नावांना लावण्याचा तेव्हा प्रघातच होता. गंमत अशी, की याच आम्लाचे दुसरे नाव, सॅलिसिलिक, हे 'सॅलिक्स' या वाळुंजाच्या लॅटिन नावावरून पडले. आम्ल एकच, नावे दोन. कंपनीने जिभेला सोपे ते स्वतःकडे ठेवले आणि अवघड ते जगाच्या पदरी टाकले.

यात केवळ भाषेचा खेळ नव्हता. पेटंटला मुदत असते, नोंदलेले नाव मात्र वापरात ठेवून वारंवार नूतनीकरण केले की टिकून राहते. अमेरिकेतील पेटंट १९१७ मध्ये संपले. त्यानंतर कोणालाही ते औषध करता येत होते. परंतु 'ॲस्पिरिन' म्हणता आले नाही, तर ते काय आहे हे गिऱ्हाइकाला सांगणार कसे? १९२१ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी या प्रश्नाचे मर्म नेमके ओळखले. वैद्य आणि औषधविक्रेते यांना रासायनिक नाव ठाऊक आहे. सामान्य ग्राहकाला मात्र ॲस्पिरिन म्हणजे ते औषधच, त्याचा उत्पादक नव्हे. सबब ग्राहकांपुरते ते नाव सर्वांचे झाले. कॅनडात ते आजही बायरचेच आहे!

आपल्याकडे हाथी समितीने १९७५ मध्ये औषधे मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली. १९८१ मध्ये सरकारने ॲस्पिरिनसह पाच औषधांची व्यापारी नावे बंद करण्याचे ठरविले. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचना टिकली नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना मूळ नावे लिहिण्याचा नियम केला आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. मूळ नावाने मिळणाऱ्या प्रत्येक गोळीच्या दर्जाची हमी कोण देणार, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु व्यापारी नाव तरी ती हमी कोठे देते? ते फक्त किंमत वाढविते, आणि ती मोजणाऱ्या रुग्णाला चिठ्ठीवरील शब्दाचा अर्थही ठाऊक नसतो.