शाळेतून बोलावणं आलं तर

बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की बाया पोरांच्या शाळेवर येतात. त्यात एक गोष्ट हमखास निघते. शाळेतून निरोप आला, “समुपदेशक मॅडमनी भेटायला बोलावलंय,” की आईच्या पोटात गोळा येतो. पोराला विचारलं जातं, “काय करून आलास?” आणि मनातल्या मनात, “माझं लेकरू काय वेडं आहे का?” म्हणून आज या मॅडमचं नेमकं काम काय असतं, ते सांगते.

समुपदेशक शिक्षा करत नाही, गुण देत नाही आणि औषधही देत नाही. वर्गशिक्षक सगळ्या वर्गाला एकदम शिकवतात, ही बाई एकेका मुलाशी बोलते. प्रत्येक शाळेत असं वेगळं पद नसतं. शहरातल्या मोठ्या शाळांत असतं, आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या शिक्षिकाच ते काम बघतात. पोरं आपणहून ज्यांच्याभोवती घोळका करतात, त्या.

सहावी ते आठवीची पोरं म्हणजे अकरा ते चौदा वर्षांची. या वयात अंग बदलतं, आवाज फुटतो, पाळी सुरू होते. कित्येकांची गावची शाळा सुटते आणि एसटीनं दुसऱ्या गावी जावं लागतं. काल पदर धरून फिरणारं पोर आज नीट उत्तर देत नाही. घरात सांगता येत नाही असं बरंच काही याच तीन वर्षांत साठतं.

एक उदाहरण देते, कुणाचं ते सांगणार नाही. सातवीतला मुलगा. दर सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, देवाचा अंगाराही लावून झाला. दुखणं काही सापडेना, आणि दुपारी पोरगं मजेत खेळायचं. बाप म्हणायचा, सोंग करतो. मॅडमनी दोन-तीनदा त्याला जवळ बसवलं. पहिल्या दिवशी अभ्यासाचा विषयच काढला नाही, क्रिकेटवर बोलल्या. हळूहळू कळलं, की सोमवारी पहिल्या तासाला उभं राहून धडा वाचायला लागायचा. त्याला अक्षरं नीट लागायची नाहीत, तो अडखळायचा आणि मागच्या बाकावरची पोरं हसायची. पोट खरंच दुखत होतं बरं का. भीतीनंही पोट दुखतं.

मग मॅडमनी तीन ठिकाणी काम केलं. मराठीच्या सरांना सांगितलं, याला अचानक उभं करू नका, धडा आदल्या दिवशी सांगून ठेवा. हसणाऱ्या पोरांशी त्या वेगळं बोलल्या, त्याचं नाव न घेता. आणि आईबापाला बोलावलं. तेव्हा त्या आईला पहिल्यांदा कळलं, की “ताईकडे बघ, कशी घडाघडा वाचते” हे तिचं रोजचं वाक्य पोराला किती लागत होतं. पुढं त्याला जिल्हा रुग्णालयात तपासणीला पाठवलं. हुशार मुलांनाही वाचन-लेखन अवघड जाऊ शकतं, त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असलं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. हे आधी कळलं नाही, तर असं पोर आठवीनंतर शाळा सोडून कुठं तरी कामाला लागतं आणि आपण म्हणतो, त्याला शिक्षणात रसच नव्हता.

मुलींचं वेगळं. महिन्यातले चार दिवस गैरहजर, असं हजेरीवर दिसलं की चांगली समुपदेशक आधी शाळेचं स्वच्छतागृह बघून येते. कडी आहे का, पाणी आहे का. बरेचदा उत्तर तिथंच असतं.

आता बायांचा खरा सल. “घरातलं सगळं ती बाहेर सांगेल.” नवऱ्याचं पिणं, भांडणं, कर्ज. मैत्रिणींनो, मुलानं सांगितलेलं ती स्टाफरूममध्ये बोलत नाही, बोलायचंच नसतं. पण काही गोष्टी ती स्वतःजवळ ठेवू शकत नाही. मुलाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येत असेल, कुणी त्याला मारहाण करत असेल, मुलीचं अठराच्या आत लग्न ठरत असेल, तर तिला पुढं सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. करणारा घरातला असला तरीही. यात तिचा राग धरू नका. अशा वेळी ती गप्प राहिली तर लेकराला दुसरं कोण आहे?

बोलावणं आलं तर जा. रोज बुडत असेल तर शाळेला तसं सांगा आणि सोयीची वेळ मागून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. जमलं तर नवऱ्यालाही न्या, सगळं ऐकायचं काम आईवरच पडू नये. मॅडम विचारतील, मूल झोपतं कधी, जेवतं किती, मोबाइल किती वेळ हातात असतो, अलीकडं घरात काही बदललं का. खरं सांगा. आणि मूल त्यांच्याशी बोलून घरी आलं की “काय काय सांगितलंस?” म्हणून उलटतपासणी घेऊ नका. त्या एका प्रश्नानं ते परत मिटून जातं. एका भेटीत काही होत नाही, तीन-चार भेटी तरी धरा.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया असायला लागतात. आपल्या गटातल्या कितीतरी जणी तिथं नुसत्या सहीपुरत्या आहेत. पुढच्या सभेत एवढंच मागा, की पोराशी बोलायला दार लोटता येईल अशी एक खोली द्या. ऑफिसात, शिपाई चहा आणत असताना कुठलं लेकरू मन मोकळं करेल?

शाळेत असं कुणीच नसेल तर दोन नंबर लिहून घ्या. मुलांवर संकट असेल तर १०९८. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत, दोन्ही रात्रीसुद्धा चालू असतात आणि मुलं स्वतःही फोन करू शकतात. परत सांगते, एक शून्य नऊ आठ, आणि एक चार चार एक सहा.