विळ्याची मूठ : लाकडाची निवड

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत आश्विनाच्या सुमारास सोयाबीनची काढणी एकदम सुरू होते. त्या घाईत विळ्याचे पाते मुठीतून निसटले, तर मजुराचा दिवस बुडतो आणि प्रसंगी हातही कापतो. शेतकरी पात्याचे पोलाद पारखून घेतो. मुठीस मात्र हाताशी येईल ते लाकूड बसवितो. ही हयगय बरी नव्हे.

पहिली गोष्ट लाकडाच्या जातीची. बांधावरची बाभूळ विळ्यास व खुरप्यास उत्तम होय. मात्र मूठ तांबूस गाभ्याची असावी. बाहेरच्या फिक्या लाकडास कीड लवकर लागते. कुऱ्हाडीच्या दांड्यास घाव सोसावे लागतात. त्यास किनवट-माहूरच्या रानांत होणारा धावडा अधिक योग्य, कारण तो चिवट असून लवचीकही आहे. सागवान टिकाऊ खरे, परंतु घावाने उभे चिरते. खिशातील चाकूवर असा भार पडत नाही. त्यास शिसव चांगली. पूर्वी चाकूस सांबरशिंगाच्या मुठी करीत; परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबर संरक्षित असल्यामुळे त्या शिंगाचा व्यापार आता गुन्हा आहे. लोखंडी नळीची मूठ उन्हात तापते, प्लास्टिकची घामाने निसरडी होते.

दुसरी गोष्ट काळाची. पावसाळ्यात लाकूड ओल शोषून फुगते व आश्विनाच्या उन्हात आकसते. म्हणूनच श्रावणात बसविलेली मूठ ऐन काढणीत सैल पडते. यास्तव लाकूड आदल्या वर्षीच आणून सावलीत वाळवावे व मूठ वैशाखात बसवावी. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीस समांतर असाव्यात, गाठ नसावी. पात्याचे शेपूट तापवून बसविताना भोक फार जळू देऊ नये, कारण कोळसा झडला की पाते हलू लागते. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे घालावे.

सैल मूठ रात्रभर पाण्यात भिजविण्याची चाल आहे. सकाळी ती घट्ट भासते. परंतु फुगलेले लाकूड लोखंडावर चेपले जाते आणि वाळल्यावर भोक पूर्वीपेक्षा मोठे होते. त्यापेक्षा मूठच बदलावी. नव्या मुठीस करडईचे अथवा जवसाचे तेल पातळ चोळून वाळू द्यावे. ही तेले लाकडावर सुकून बसतात. शेंगदाण्याचे तेल चिकट राहते.

काढणीपूर्वी प्रत्येक विळ्याचे पाते ओंडक्यावर दाबून पाहावे. ते मुठीत हलले, तर तो विळा कोणाच्याही हाती देऊ नये.