नव्या मालमोटारीचे पहिले तेल

नवी मालमोटार दारात आली की तिला हार घालतात, नारळ फोडतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती भाड्याला लागते. कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या मालकाला ती एक दिवसही उभी ठेवणे परवडत नाही. अशा वेळी एखाद्या जुन्या मिस्त्रीने गिअरबॉक्सचे व मागच्या हौसिंगचे तेल लवकर बदलण्यास सांगितले, तर मालक बुचकळ्यात पडतो. गाडी नवी, तेलही नवे. मग ते काढून टाकायचे कशासाठी?

याचे उत्तर चक्रांच्या दात्यांत आहे. नवे दंतचक्र नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर बारीक उंचवटे व खाचा आढळतात. भार घेऊन दाते एकमेकांवर फिरू लागले म्हणजे हे उंचवटे झिजतात आणि दाते परस्परांत नीट बसतात. आरंभीची ही झीज स्वाभाविक असून पुढे ती पुष्कळ कमी होते. प्रश्न उरतो तो झिजेतून सुटलेल्या लोखंडी किसाचा. इंजिनाच्या तेलाला गाळणी असते. साध्या गिअरबॉक्सला आणि हौसिंगला बहुधा ती नसते. तेथे फिरणारी चक्रेच तेल उडवून सर्वत्र पोहोचवितात. काही कीस तळाशी बसतो, काही चुंबकाला चिकटतो. उरलेला मात्र तेलाबरोबर हिंडत राहतो आणि बेअरिंगांत शिरतो. पहिले तेल लवकर काढण्याचा हेतू हा कीस बाहेर घालविणे, एवढाच आहे.

हौसिंगमधील तेलाचे काम विशेष कठीण. अनेक गाड्यांत तेथे हायपॉइड जातीची चक्रे असतात. 1926 साली पॅकार्ड मोटारींत आलेल्या या रचनेत पिनियन मोठ्या चक्राच्या मध्यरेषेपासून बाजूला सरकविलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. शिरपूरहून सेंधव्याकडे बिजासन घाट चढणाऱ्या भरल्या गाडीत या घसरणाऱ्या दात्यांवर प्रचंड दाब येतो. तेलाचा पातळ थर फाटू लागला, तरी धातू धातूला भिडू नये म्हणून या तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे घातलेली असतात. तथापि हेच तेल गिअरबॉक्समध्ये चालेलच, असे नाही. तेथील पितळी सिंक्रो रिंगांना अशी काही तेले बाधतात. म्हणून कोठे कोणते तेल घालावयाचे, हे गाडीच्या पुस्तकावरूनच ठरवावे.

पहिला बदल केव्हा करावा, यासही सर्वांना लागू पडणारा एकच आकडा नाही. चक्रांची घडण सुधारल्यामुळे आणि कृत्रिम तेले आल्यामुळे काही कारखानदार पहिला बदल बराच लांबवितात. पुस्तकात लवकर बदल सांगितला असेल, तर तो टाळू नये. जड माल व घाटरस्ता यांसाठी वेगळी मुदत दिलेली असल्यास तीच पाळावी. सांगितलेल्याच ग्रेडचे तेल वापरल्यास लवकर बदलण्याने चक्रांचे नुकसान होत नाही. चुकीच्या तेलाने मात्र होते. वॉरंटीच्या काळात हे काम अधिकृत सेवाकेंद्रात करून पावती जपावी.

गाडी सपाट जागी उभी करावी. ती थोडी चाललेली व तेल कोमट असावे, म्हणजे कीस तेलाबरोबर वाहून येतो. आधी भरण्याचा नट सैल करावा, मग खालचा; वरचा नट अडकून बसला आणि तेल आधीच सांडले, तर गाडी जागीच अडकते. नवे तेल पुस्तकात सांगितलेल्या पातळीपर्यंतच भरावे. जास्त भरल्यास ते फेसाळते व सीलमधून गळू लागते.

निघालेले तेल नीट पाहावे. चुंबकावरील मऊ, करडा लेप हा दाते बसल्याचा पुरावा होय. टोकदार तुकडे आढळले, तर गाडी कामावर न पाठविता तपासून घ्यावी. तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे, असे समजावे. हे तेल गटारात ओतू नये. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोहोचवावे.

तेलाचा खर्च एका फेरीच्या हिशेबात बसतो. क्राऊन-पिनियन निकामी झाल्यास त्याची किंमत तर मोजावी लागतेच. शिवाय गाडी उभी राहते आणि हप्ता मात्र थांबत नाही.