खिडकीतला बहुरूपी

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी २०१० सालच्या उन्हाळ्यात इंटरनेट माडीवरच्या पश्चिमेकडच्या खिडकीत मुक्कामाला होतं. बाकी घरात ते पाऊल टाकत नसे. चिऱ्याच्या जाड भिंती ओलांडायची त्याची ताकद नव्हती. म्हणून लॅपटॉप खाटेवर, त्यातून निघालेली तीन मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल खिडकीच्या गजांतून बाहेर आणि तिच्या टोकाला बोटभर लांबीचं पांढरं डोंगल. डोंगलच्या पाठीशी आईची पिठाची स्टीलची चाळण सुतळीनं बांधलेली. चाळण दोन बोटं इकडेतिकडे झाली की पडद्यावरच्या कांड्या कमीजास्त व्हायच्या. अंगणातून काका ओरडायचे, "इली काय रे रेंज?" आणि वरून मी, "येक कांडी इली!" बारावीच्या निकालाच्या दिवशी वाडीतली सात-आठ पोरं तळहातावर पेनानं बैठक क्रमांक लिहून जिन्यात बसली होती. एकेक निकाल उघडायला तीन-चार मिनिटं लागत, मध्येच कनेक्शन तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. तरी कुणी उठून गेलं नाही. तालुक्याच्या सायबर कॅफेत जायचं तर एसटी दुपारी होती.

ते डोंगल अजून माझ्याकडे आहे. त्याच्या पोटात काय चालायचं हे नंतर कळत गेलं, तेव्हा मला दारात येणारा बहुरूपी आठवला. तो फौजदाराच्या वेषात येतो, वॉरंट आहे म्हणून दरडावतो, घरातल्या म्हाताऱ्या क्षणभर खरंच घाबरतात आणि मग हसत हसत त्याला शिधा घालतात. डोंगलचं पोटही सोंगावरच चालायचं. संगणकाला ते जे कधीच नव्हतं ते आहे म्हणून सांगायचं, आणि संगणक भाबडेपणानं दार उघडायचा.

सोंगांचं हे घराणं आधी कार्डाच्या रूपात आलं. 'डेटा कार्ड' हे नाव त्या काळचं. नव्वदच्या दशकातल्या लॅपटॉपच्या कुशीत एक सपाट फट असे. तिच्यात पीसीएमसीआयए नावाच्या मापाचं कार्ड बसायचं. लांबी ८५.६ मिलिमीटर, रुंदी ५४, म्हणजे बरोबर एटीएम कार्डाएवढं, फक्त जाडी पाच मिलिमीटर. कॅनडातल्या सिएरा वायरलेस कंपनीची एअरकार्डं याच फटीत बसायची. फटीबाहेर अँटेनाचा काळा तुरा तेवढा डोकावायचा. सुरुवातीच्या काळात अमेरिकेतल्या ज्या सीडीपीडी जाळ्यावर अशी कार्डं चालत, त्याचा वेग सेकंदाला १९.२ किलोबिट होता. ईमेल जायची, फोटो जाता जात नसे.

आपल्याकडे डेटा कार्ड घराघरांत पोचलं ते सीडीएमए या मोबाइल तंत्राच्या पाठीवर बसून. २८ डिसेंबर २००२ रोजी, धीरूभाई अंबानींच्या जयंतीला, रिलायन्स इन्फोकॉमनं आपली सेवा जाहीर केली. तिचा मेंदू नवी मुंबईत, कोपरखैरण्याच्या नॉलेज सिटीत होता. फोनसाठी उभारलेलं हे जाळं डेटाही वाहू शकायचं: सेकंदाला जास्तीत जास्त १४४ किलोबिट. हिशेब करून बघा. पाच मेगाबाइटचं एक गाणं उतरवायला सगळं सुरळीत असेल तर पावणेपाच मिनिटं. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटच्या खाली ब्रॉडबँड म्हणायची सोय नव्हती, तेव्हा कागदोपत्री हे ब्रॉडबँड नव्हतंच. पण टेलिफोनची तार ओढायला महिनोन्‌महिने थांबलेल्या माणसाला कागदाशी काय देणंघेणं? चालत्या रेल्वेत, शेतघरावर, भाड्याच्या खोलीत इंटरनेट लागतं, एवढं त्याला पुरेसं होतं.

पुढे लॅपटॉपची ती फट अंग चोरत नाहीशी झाली आणि यूएसबीचं तोंड प्रत्येक यंत्राला आलं. कार्डाची झाली कांडी. नाव 'डेटा कार्ड'च राहिलं, पण लोक 'डोंगल' म्हणू लागले. छापखान्यातल्या लोकांना हा शब्द नवा नव्हता. श्री-लिपीसारख्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर संगणकाच्या पाठीत खुपसायचं कुलूप यायचं, त्यालाही डोंगलच म्हणत. ते नसेल तर अक्षर उमटत नसे. हे नसेल तर जग उघडत नसे.

आता सोंगांकडे येऊ. डोंगल पहिल्यांदा यूएसबीत खोचलं की संगणकाला काय दिसायचं? सीडी ड्राइव्ह. कंपनीचा लोगो असलेली एक सीडी आत घातलेली. प्रत्यक्षात सीडी कुठली. डोंगलच्याच चिपमध्ये साठवलेली काही मेगाबाइटची फाइल. कारण साधं होतं. नवं यंत्र चालवायला ड्रायव्हर लागतो, आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, जे या यंत्राशिवाय मिळणार नाही. सीडी ओळखायला मात्र कुठल्याही संगणकाला वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून डोंगल सीडीचा वेष घेऊन आत शिरायचं, आपला ड्रायव्हर स्वतःच घरात ठेवायचं आणि मग त्याच दारात कपडे बदलून दुसऱ्यांदा यायचं, या खेपेस मोडेम म्हणून. विंडोजवर हा वेषपालट आपोआप व्हायचा. लिनक्सवाल्यांच्या पडद्यावर बहुरूपी सीडीच्या वेषातच ताटकळायचा. मग त्याला 'पुरे झालं, पुढचं सोंग घे' असं सांगणारा यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला गेला. कित्येक अभियांत्रिकीच्या पोरांची लिनक्सशी पहिली झटापट या वेषपालटापायी झाली.

दुसरं सोंग अधिक जुनं. मोडेम झाल्यावर डोंगल चक्क फोन लावायचं. 'कनेक्ट' दाबलं की पडद्यावर 'डायलिंग' दिसे आणि सीडीएमए डोंगल #७७७ हा नंबर फिरवे. जीएसएम या दुसऱ्या मोबाइल तंत्रावरच्या डोंगलांचा नंबर *९९#. पलीकडे घंटी वाजत नसे, कुणी उचलत नसे; नंबर ही निव्वळ खूण. पण ७७७ च का? फोनच्या बटणांवर ७ च्या कळीवर इंग्रजी 'पी' हे अक्षर असतं. तीनदा ७ म्हणजे पीपीपी, आणि तारेच्या दोन टोकांमध्ये इंटरनेट जोडून देणाऱ्या जुन्या नियमावलीचं नाव नेमकं पीपीपी. हुकूमही जुनेच होते. संगणक डोंगलला जे काही सांगे त्याची सुरुवात 'एटी' या दोन अक्षरांनी होई; 'एटी' म्हणजे 'लक्ष दे'. हे हुकूम अमेरिकेतल्या हेज कंपनीनं १९८१ मध्ये आपल्या स्मार्टमोडेमसाठी ठरवले. तो मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवायचा. ३१ लाख बिटांचं डोंगलही त्याच हाकेला 'ओ' देत होतं. आजोबांच्या नावावरची शिधापत्रिका नातवानं चालवावी, तसला हा कारभार.

३१ लाख, म्हणजे ३.१ एमबीपीएस, हा आकडा त्या काळी प्रत्येक होर्डिंगवर होता. ईव्हीडीओ हे सीडीएमएचं सुधारित रूप आलं आणि रिलायन्सचं नेटकनेक्ट ब्रॉडबँड प्लस, टाटाचं फोटॉन प्लस, एमटीएसचं एमब्लेझ एकाच आकड्यावर भांडू लागली. पुण्यात तर कुठल्याही कंपनीच्या कांडीला लोक 'फोटॉन' म्हणत. आकड्याच्या जोडीला बारीक टायपात 'पर्यंत' असे. त्या 'पर्यंत'मध्ये सगळी गंमत होती.

ईव्हीडीओचा टॉवर सेकंदाचे ६०० तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात तो एकाच डोंगलशी बोलतो आणि त्या क्षणी आपली सगळी ताकद त्यालाच देतो. कुणाशी बोलायचं हे ठरवण्यासाठी प्रत्येक डोंगल टॉवरला सतत, सेकंदाला ६०० वेळापर्यंत, कळवत असतं: आत्ता मला कसं ऐकू येतंय, किती वेग झेपेल. टॉवर ज्याला त्या घटकेला चांगलं ऐकू येतंय त्याला झुकतं माप देतो आणि बराच वेळ उपाशी राहिलेल्यालाही विसरत नाही. पंगतीत वाढप्यानं धावत जावं, ज्याचं पान समोर सरकलंय तिथे भराभर वाढावं आणि कोपऱ्यात बसलेल्याकडेही अधूनमधून वळावं, तसं. तेव्हा ३.१ हा आकडा अख्ख्या पातेल्याचा होता, एका पानाचा नव्हे. टॉवरच्या एका बाजूला वीस जण बसले की जो तो विसातला एक. माझी चाळण जे करत होती ते एवढंच: पान जरा पुढे सरकवत होती. आणि आमच्या गावाला तर ईव्हीडीओ पोचलंच नव्हतं. डोंगल गुपचूप जुन्या १४४ वर उतरायचं आणि पडद्यावर नाव मात्र ब्रॉडबँडचं दाखवायचं. हेही एक सोंगच.

एवढ्याशा देहाला हे सगळं सोसत नसे. यूएसबी २.० चं तोंड नियमानं जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे अडीच वॉट. दूरच्या टॉवरपर्यंत आवाज पोचवायला डोंगलला कधी कधी त्याहून मोठा घास हवा असे. हुआवेचं २००६ मधलं ई-२२० हे मॉडेल आठवत असेल, पांढऱ्या माउससारखं. त्याच्या केबलला म्हणूनच दोन यूएसबी टोकं होती, एक डेटाचं नि एक निव्वळ विजेचं. पुढची कांडीएवढी डोंगलं एकाच टोकावर भागवत, पण अर्ध्या तासात हात लावू नये इतकी तापत. लॅपटॉपची बॅटरी डोळ्यांदेखत उतरे.

दिल्लीत मात्र डोंगलांचा हा आवाज वाहणाऱ्या हवेला सोन्याचा भाव आला होता. एमटीएनएलनं डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत आणि बीएसएनएलनं फेब्रुवारी २००९ मध्ये चेन्नईत थ्रीजी सुरू केलं. खासगी कंपन्यांसाठी २०१० मध्ये थ्रीजीच्या लहरींचा लिलाव झाला तो ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला. मुंबईतल्या एका वाट्याला ३,२४७ कोटी रुपये पडले, गोव्यासह उरलेल्या महाराष्ट्राला १,२५७ कोटी. एवढे पैसे मोजल्यावर कंपन्यांना डेटा विकणं भाग होतं, आणि डेटा खाणारं तोंड तेव्हा फोनपेक्षा लॅपटॉपचं मोठं होतं. आयडियाचं नेटसेटर, वोडाफोनचं, एअरटेलचं अशी डोंगलं दुकानांच्या काउंटरवर मोबाइल कव्हरांच्या शेजारी टांगली गेली. १० एप्रिल २०१२ रोजी एअरटेलनं कोलकात्यात देशातलं पहिलं फोरजी आणलं तेही आधी डोंगलच्याच रूपात, कारण ते पकडणारे फोन बाजारात नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याची पाळी आली.

मग फोनच बदलले. फोनमध्ये हॉटस्पॉट आला, लॅपटॉप, टीव्ही, घरातलं सगळं गोकुळ एकाच फोनवर पोसलं जाऊ लागलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायची सवय मोडली. सीडीएमएची जाळी एकेक करून विझली. एमटीएस २०१७ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्समध्ये विलीन झाली, त्याच वर्षाअखेरी रिलायन्स कम्युनिकेशन्सनंही मोबाइलचा पसारा आवरला, आणि टाटांचा ग्राहकांचा मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलकडे गेला. जीएसएमची डोंगलं सिम बदलून, कुलूप फोडून आणखी काही वर्षं चालली. सीडीएमएच्या अनेक डोंगलांत सिम नव्हतंच. नंबर यंत्रातच कोरलेला. कंपनी गेली की ते यंत्रही तिच्याबरोबर सती गेलं. पैसे आपण मोजले होते, पण बहुरूप्याचा धनी दुसराच होता.

गेल्या गणपतीत गावी गेलो होतो. आता माजघरातही फोनवर पाच कांड्या येतात. टेबलाच्या खणात डोंगल सापडलं, टोपण हरवलेलं, खाचेत धूळ. जुन्या लॅपटॉपला लावून पाहिलं. क्षणभर काही झालं नाही, मग दिवा लुकलुकला आणि पडद्यावर सीडी ड्राइव्ह उगवला. लोगो आला. सीडी गेली, मोडेम आला. चौकोनी खिडकी उघडली, 'कनेक्ट'चं बटण होतं तिथेच होतं. दाबलं. 'डायलिंग' अशी अक्षरं आली आणि दिवा लुकलुकत राहिला. मी थोडा वेळ बसलो. खालून काकांचा आवाज आला, "काय करतंस रे वर?" म्हटलं, रेंज बघतोय. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग चाळण घेवन ये."