ईएसलिंट लिट प्लगइन

ईएसलिंट लिट प्लगइन हे लिट या वेब घटक लायब्ररीच्या आधारे लिहिलेला कोड तपासणारे मुक्त स्रोत पूरक सॉफ्टवेअर आहे. ते स्वतंत्रपणे चालत नाही. ईएसलिंट या लिंटरला जोडूनच त्याचा उपयोग होतो. लिटमध्ये घटकाचा एचटीएमएल मजकूर जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये लिहिला जातो. सर्वसाधारण लिंटरच्या दृष्टीने ही स्ट्रिंग म्हणजे केवळ अक्षरांची मालिका असते, त्यामुळे तिच्यातील चुका त्याच्या नजरेतून सुटतात. ती मालिका एचटीएमएल म्हणून वाचणे आणि लिटच्या पद्धतीशी विसंगत असलेल्या रचना दाखवून देणे, हे या प्लगइनचे मुख्य कार्य आहे.

पार्श्वभूमी

कोड न चालवता केवळ वाचून त्यातील दोष शोधण्याच्या क्रियेस लिंटिंग असे म्हणतात. कपड्याला चिकटलेल्या सुताच्या बारीक तंतूंना इंग्रजीत 'लिंट' म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेतील प्रोग्रॅम तपासण्यासाठी तयार केलेल्या साधनाला हे नाव दिले आणि पुढे ते या प्रकारच्या सर्वच साधनांना लागू झाले. जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ मध्ये जेएसलिंट हे साधन तयार केले. निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ईएसलिंटचे वेगळेपण असे की, त्यातील प्रत्येक नियम स्वतंत्र असून तो चालू किंवा बंद करता येतो आणि बाहेरून नवे नियमही जोडता येतात. अशा जोडलेल्या नियमांच्या संचाला प्लगइन म्हणतात.

वेब घटक म्हणजे ब्राउझरला मुळात ठाऊक नसलेले, विकसकाने स्वतः घडवलेले एचटीएमएल टॅग होत. त्यांच्या नावात किमान एक जोडरेघ असणे बंधनकारक असते. गूगलमधील पॉलिमर गटाने असे घटक कमी कोडमध्ये लिहिता यावेत म्हणून आधी पॉलिमर आणि नंतर लिट-एचटीएमएल व लिटएलिमेंट या लायब्ररी तयार केल्या. २०२१ मध्ये लिटच्या दुसऱ्या आवृत्तीत या दोन्ही 'लिट' या एकाच नावाखाली एकत्र आल्या.

कार्यपद्धती

शालेय व्याकरणातील वाक्यपृथक्करणात वाक्याचे उद्देश्य, विधेय, कर्म असे भाग पाडून त्यांचे परस्परसंबंध दाखवतात. ईएसलिंट कोडच्या बाबतीत हेच करते. फाइलीतील मजकुराचे पृथक्करण करून ते एक वृक्षाकार रचना तयार करते. प्रत्येक नियम या वृक्षातील आपल्याला हव्या त्या प्रकारच्या गाठींवर थांबतो आणि दोष आढळल्यास ओळ व स्तंभ यांच्या क्रमांकासह त्याची नोंद करतो.

लिटचे टेम्प्लेट या वृक्षात एकाच गाठीच्या रूपाने येते. प्लगइन ही गाठ उघडते, तिच्यातील मजकुराचे एचटीएमएल म्हणून पुन्हा पृथक्करण करते आणि मधोमध पेरलेल्या जावास्क्रिप्टच्या पदावल्या नेमक्या कोणत्या जागी आल्या आहेत ते पाहते. लिटमध्ये गुणविशेषाच्या नावाआधी टिंब असल्यास मूल्य प्रॉपर्टीला दिले जाते, प्रश्नचिन्ह असल्यास गुणविशेष असणे वा नसणे ठरते आणि 'अ‍ॅट' चिन्ह असल्यास घटनेला प्रतिसाद देणारे फंक्शन जोडले जाते. एका चिन्हाने अर्थ बदलत असल्यामुळे हे दुसरे पृथक्करण महत्त्वाचे ठरते.

प्लगइनची मांडणी

प्लगइन बसवण्यापूर्वी संगणकावर नोड.जेएस असणे आवश्यक असते. त्यासोबत एनपीएम हा पॅकेज व्यवस्थापक येतो. मांडणीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. पॅकेज घेणे : प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये एनपीएमच्या 'इन्स्टॉल' आज्ञेने ईएसलिंट आणि 'ईएसलिंट-प्लगइन-लिट' ही दोन्ही पॅकेजे घेतली जातात. ती केवळ विकासकाळात लागतात, म्हणून आज्ञेसोबत 'सेव्ह-डेव्ह' हा पर्याय देतात. ईएसलिंटचे स्वतःचे मूलभूत नियम हवे असल्यास 'ईएसलिंट/जेएस' हे तिसरे पॅकेजही घ्यावे लागते.

२. कॉन्फिगरेशन फाइल : मुख्य फोल्डरमध्ये 'ईएसलिंट.कॉन्फिग.जेएस' ही फाइल तयार केली जाते. तीत मूलभूत नियमांचा संच व प्लगइनचा 'फ्लॅट/रेकमेंडेड' हा शिफारस-संच आयात करून एका सूचीत मांडतात आणि ती सूची निर्यात करतात. सूचीतील क्रमाला महत्त्व असते. एकाच नियमाविषयी दोन नोंदी असल्यास नंतरची नोंद ग्राह्य धरली जाते. ही सपाट पद्धत एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून ईएसलिंटची मूळ पद्धत झाली. त्यापूर्वीच्या पद्धतीत प्लगइनचे केवळ नाव लिहिले जाई. नव्या पद्धतीत प्लगइन प्रत्यक्ष आयात करावे लागते. जुनी मार्गदर्शके वाचून केलेली मांडणी नव्या आवृत्तीत न चालण्याचे हे एक सामान्य कारण आहे.

३. फाइलींचे प्रकार : सपाट पद्धतीत ईएसलिंट आपण होऊन फक्त जावास्क्रिप्टच्या फाइली तपासते. घटक टायपस्क्रिप्टमध्ये लिहिलेले असल्यास त्या फाइलींचा प्रकार स्वतंत्रपणे नमूद करावा लागतो आणि टायपस्क्रिप्टचे पृथक्करण करू शकणारे 'टायपस्क्रिप्ट-ईएसलिंट' जोडावे लागते.

४. मूळ वर्गाची ओळख : लिटचे घटक 'लिटएलिमेंट' या वर्गापासून निघतात. मोठ्या प्रकल्पांत अनेकदा त्यावर आधारित स्वतःचा एक मूळ वर्ग केलेला असतो. प्लगइनला तो आपोआप ओळखता येत नाही. म्हणून सेटिंग्ज विभागातील 'लिट' या नोंदीखाली 'एलिमेंटबेसक्लासेस' या नावाने त्याचे नाव द्यावे लागते. ते दिले नाही, तर घटकाच्या वर्गाशी संबंधित नियम त्या फाइलींपुरते गप्प राहतात.

५. पडताळणी : मांडणी पूर्ण झाल्यावर ईएसलिंट चालवून एकही दोष दिसला नाही, तर कोड निर्दोष आहे किंवा प्लगइन चालतच नाही, असे दोन्ही अर्थ संभवतात. यासाठी एखाद्या टेम्प्लेटमध्ये तोच गुणविशेष दोनदा लिहून मुद्दाम चूक केली जाते आणि ती पकडली जाते का, हे पाहिले जाते. 'प्रिंट-कॉन्फिग' या पर्यायाने एखाद्या फाइलीला प्रत्यक्षात कोणते नियम लागू आहेत, हेही पाहता येते.

प्रत्येक नियमाला बंद, इशारा आणि त्रुटी अशा तीन पातळ्या असतात. त्रुटी आढळल्यास ईएसलिंटची आज्ञा अयशस्वी ठरते. केवळ इशाऱ्यांमुळे ती सहसा अयशस्वी ठरत नाही.

प्रमुख नियम

टेम्प्लेटविषयक नियमांपैकी एक नियम चुकीचा एचटीएमएल पकडतो, एक नियम पुन्हा आलेले गुणविशेष दाखवतो आणि एक नियम टॅगच्या किंवा गुणविशेषाच्या नावाच्या जागी पेरलेली पदावली नाकारतो. पॉलिमरच्या काळातील लेखनपद्धती टिपणारा नियमही आहे. जुन्या घटकांचे लिटमध्ये रूपांतर करताना तो विशेष उपयोगी पडतो.

'नो-व्हॅल्यू-अ‍ॅट्रिब्यूट' हा नियम इनपुट घटकाच्या मूल्याशी संबंधित आहे. एचटीएमएलमधील 'व्हॅल्यू' हा गुणविशेष चौकटीतील आरंभीचे मूल्य ठरवतो. वापरकर्त्याने चौकटीत काही टंकले, की त्यानंतर गुणविशेष बदलूनही चौकटीतील मजकूर बदलत नाही. विकसकाने घटक स्वतः पाहताना आधी काही टंकले नसेल, तर सर्व काही सुरळीत दिसते आणि दोष वापरकर्त्याच्या हाती गेल्यावर उघड होतो. नावाआधी टिंब देऊन मूल्य प्रॉपर्टीला जोडणे हा त्यावरील उपाय होय.

'नो-क्लासफील्ड-शॅडोइंग' हा नियम याहून सूक्ष्म दोषाशी संबंधित आहे. लिट आपल्या प्रतिसादी प्रॉपर्टींसाठी वर्गाच्या प्रोटोटाइपवर वाचन-लेखनाची फंक्शने बसवते. मूल्य बदलल्याची वार्ता त्यांच्यामुळेच लिटला मिळते आणि घटक पुन्हा रेखाटला जातो. ईएस२०२२ या प्रमाणकातील वर्ग-फील्ड मात्र थेट वस्तूवर नवी प्रॉपर्टी निर्माण करते. परिणामी लिटची फंक्शने झाकली जातात. मूल्य बदलते, पण पडद्यावरचा मजकूर तसाच राहतो. टायपस्क्रिप्टमध्ये संकलनाचे लक्ष्य ईएस२०२२ किंवा त्यापुढचे केल्यास हे वर्तन आपोआप लागू होते. त्यामुळे घटकाच्या कोडमध्ये एका अक्षराचाही बदल न करता पूर्वी चालणारा घटक बंद पडू शकतो. लिटची विकासकालीन बांधणी ही चूक दाखवते, परंतु तो घटक प्रत्यक्ष चालल्यावरच. प्लगइन ती लिहितानाच दाखवते. आरंभीचे मूल्य कन्स्ट्रक्टरमध्ये देणे हा यावरील सर्वत्र चालणारा उपाय आहे.

शिफारस-संचात सर्वच नियम समाविष्ट नसतात. आवश्यक तो नियम कॉन्फिगरेशन फाइलीत नावाने चालू करता येतो.

जुन्या प्रकल्पात वापर

अनेक वर्षांच्या प्रकल्पात प्लगइन प्रथमच चालवल्यावर एकाच वेळी शेकडो नोंदी येऊ शकतात. अशा वेळी सर्व नियम त्रुटीच्या पातळीवर ठेवल्यास काम अडते आणि कंटाळून प्लगइनच काढून टाकले जाण्याचा संभव असतो. याउलट सर्व नियम इशाऱ्याच्या पातळीवर ठेवल्यास इशाऱ्यांची सवय होते व त्यांकडे दुर्लक्ष होऊ लागते. म्हणून घटकाचे वर्तन बिघडवणारे थोडे नियम प्रथम त्रुटीच्या पातळीवर आणून ते दोष दूर केले जातात आणि नंतर एकेक नियम वाढवला जातो. 'फिक्स' पर्यायाने काही दोष आपोआप दुरुस्त होतात. मात्र ज्या नियमांत तशी सोय आहे त्यांच्याबाबतच हे शक्य असते.

एखादा नियम एखाद्या ओळीपुरता थांबवण्यासाठी कोडमध्ये विशिष्ट टिप्पणी लिहिता येते. या टिप्पणीत दोन जोडरेघांनंतर कारण नोंदवण्याची सोय आहे. कारण नोंदवलेले नसेल, तर ती सूट विचारपूर्वक दिली की घाईत, हे पुढे कोड वाचणाऱ्यास कळू शकत नाही.

मर्यादा

शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर वाक्यातील शब्द शुद्ध आहेत का एवढेच सांगते. वाक्यातील विधान खरे आहे का, हे सांगत नाही. लिंटरचीही मर्यादा हीच आहे. घटकाने चुकीची बेरीज दाखवली, तरी त्याची लेखनपद्धती बरोबर असल्यास प्लगइन काहीही दाखवत नाही. त्यामुळे ते चाचण्यांची जागा घेऊ शकत नाही. टेम्प्लेटमधून दुसऱ्या घटकाला दिलेल्या मूल्याचा प्रकार योग्य आहे का, हेही ते तपासत नाही. सर्व वेब घटकांना लागू असलेले नियम 'ईएसलिंट-प्लगइन-डब्ल्यूसी' या वेगळ्या प्लगइनमध्ये आहेत, तर दृष्टिबाधित व अन्य दिव्यांग वापरकर्त्यांच्या सोयीसंबंधीचे नियम 'ईएसलिंट-प्लगइन-लिट-एवनएलेव्हनवाय' या तिसऱ्या प्लगइनमध्ये आहेत.

सुरक्षितता

लिंटर तपासला जाणारा कोड चालवत नाही, परंतु प्लगइन हा स्वतः कोड असून तो विकसकाच्या संगणकावर त्याच्याच अधिकारांनिशी चालतो. १२ जुलै २०१८ रोजी ईएसलिंटच्या एका देखभालकर्त्याचे एनपीएम खाते ताब्यात घेऊन 'ईएसलिंट-स्कोप' या पॅकेजची ३.७.२ ही घातक आवृत्ती प्रसिद्ध करण्यात आली. ती बसवणाऱ्याच्या संगणकावरील एनपीएमची प्रवेशचिन्हे चोरण्याचा प्रयत्न त्यात होता. एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरणे आणि खात्याला द्विस्तरीय पडताळणी नसणे, ही कारणे ईएसलिंटच्या चमूने नंतर जाहीर केली. एनपीएमने खबरदारी म्हणून त्यापूर्वी दिलेली प्रवेशचिन्हे रद्द केली.

या धोक्यापासून बचावासाठी पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी 'पॅकेज-लॉक' फाइल प्रकल्पासोबत जतन केली जाते आणि स्वयंचलित तपासणीच्या यंत्रणेत 'इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' ही आज्ञा वापरली जाते. ही आज्ञा लॉक फाइलीत नोंदवलेल्या आवृत्त्याच बसवते आणि ती फाइल प्रकल्पाच्या मूळ नोंदींशी जुळत नसल्यास थांबते.