हवामानातील पीएच.डी.: आधी प्रश्न, मग संस्था

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची तीव्र लाट आली. त्या महिन्यात एरवीच्या तुलनेत १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये शहराने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा आखला. लाटेचा इशारा दोन-चार दिवस आधी मिळाला, तर रुग्णालयात बर्फ, सलाइन आणि खाटा तयार ठेवता येतात. असे इशारे अधिक अचूक करणारे संशोधक पीएच.डी.च्या वर्षांत घडतात. म्हणून ती कुठे करावी, हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या घरापुरता राहत नाही.

घरातली चर्चा बहुधा नावावरून सुरू होते: आयआयटी की परदेश? खरे तर आधी ठरवायला हवे, आपल्याला नेमके काय शोधायचे आहे. हृदयाचा रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे जात नाही, मग तो डॉक्टर कितीही नामवंत असो. हवामानशास्त्राच्याही अशाच वेगवेगळ्या शाखा आहेत. मान्सून किंवा ढगांचा अभ्यास करायचा असेल, तर १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पुण्यात पाषाणला आहे. ढगांच्या अभ्यासासाठी तिची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे. समुद्र आणि वातावरण यांचे नाते तपासायचे असेल, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. दिल्ली आयआयटी आणि कोचीन विद्यापीठातही या विषयाचे जुने विभाग आहेत. चक्रीवाताचे, म्हणजे टोर्नेडोचे कोडे खुणावत असेल, तर अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाचा विचार करावा. तिथे तीव्र वादळांची राष्ट्रीय प्रयोगशाळा विद्यापीठाच्या विभागासोबत एकाच इमारतीत आहे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभागही जगभर ओळखला जातो.

संस्थेनंतर मार्गदर्शक. पीएच.डी.चे सुखदुःख संस्थेच्या फाटकापेक्षा त्याच्या खोलीत जास्त ठरते. त्याचे किती विद्यार्थी पूर्ण झाले, किती वर्षांत झाले, आज ते कुठे आहेत? तो विद्यार्थ्याला दर आठवड्याला भेटतो की महिनोन्महिने भेट होत नाही? निवृत्ती जवळ आली आहे का? शोधनिबंधावर विद्यार्थ्याचे नाव पहिले लागते का? ही चौकशी त्याच्या सध्याच्या विद्यार्थ्यांकडे करावी. आणि जो मध्येच सोडून गेला, त्याच्याकडे आवर्जून करावी.

पैशाचा प्रश्न संकोच न करता विचारावा. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे; घरभाडे वेगळे. अमेरिकेत विज्ञानातील डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला बहुधा अध्यापन किंवा संशोधन साहाय्याच्या बदल्यात शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते. मात्र ते किती वर्षांसाठी आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट प्रवेशपुस्तिकेत सापडत नाही. चार-पाच वर्षे उत्तर न सापडणाऱ्या कामात घालवताना झोप उडणे, चिडचिड आणि एकटेपणा सहज येतो. ही दुबळेपणाची लक्षणे नव्हेत. पण ती लांबली तर उपचार लागतात. त्यामुळे संस्थेत समुपदेशक आहे का, परदेशात असल्यास आरोग्य विमा मानसिक उपचारांना लागू होतो का, घरी वर्षातून एकदा तरी येता येईल का, हेही यादीत असावे.

अर्ज भरण्यापूर्वी एक सोपी तपासणी करता येते. ज्याच्याकडे काम करायचे, त्या मार्गदर्शकाचे अलीकडचे तीन शोधनिबंध वाचावेत. सगळे गणित कळले नाही तरी चालेल. तिसरा वाचून झाल्यावर मनात एखादा स्वतःचा प्रश्न उभा राहिला, तर अर्ज जरूर करावा. काहीच उभे राहिले नाही, तर संस्थेचे नाव कितीही मोठे असले, तरी दुसरा मार्गदर्शक शोधावा.