जुना हार्वेस्टर घेण्यापूर्वी

झाशी परिसरात मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची कापणी सुरू झाली की कंबाइन हार्वेस्टरला उसंत नसते. काही जुन्या हार्वेस्टरमध्ये इंजिनाची शक्ती पट्ट्यांऐवजी तेलाच्या दाबाने चाकांकडे जाते. हेच हायड्रोस्टॅटिक चालन. अशा यंत्राविषयीची नेहमीची तक्रार म्हणजे सकाळी ते जोमाने चालते, दुपारी तेल तापले की चढावर अडते. पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपात आतल्या आत गळते.

तथापि, पंप बदलण्याची घाई महागात पडते. प्रथम तेलाची पातळी, फिल्टर व शोषण-नळी तपासून चार्ज पंपाचा दाब गेजने मोजावा. दोष पुष्कळदा तेथेच सापडतो. फिल्टरमध्ये धातूचा कीस आढळल्यास मात्र मोटरही उघडावी लागते आणि नळ्या व ऑइल कूलर धुवावे लागतात. एरवी तोच कीस नवा पंप खातो.

सुटा भाग मागविताना हार्वेस्टरच्या नावापेक्षा पंपाच्या पट्टीवरील क्रमांक महत्त्वाचा. पट्टीवर ‘सॉअर-सनस्ट्रँड’ वा ‘ईटन’ असले, तरी हे दोन्ही हायड्रॉलिक व्यवसाय आता डॅनफॉसकडे आहेत. ईटनचा २०२१ मध्ये आला.

कर्ज काढून जुने यंत्र घेणाऱ्याने ते तेल पुरते तापेपर्यंत चालवून पाहावे. थंड यंत्र दाखवून सौदा उरकणारे विक्रेतेही असतात.